काचेवरचे दव : पठाराचा पक्ष आणि खोऱ्याचा पक्ष

बीड जिल्ह्यात आकाशनिरीक्षणाचा उत्तम हंगाम आणि दवाचा हंगाम एकाच वेळी येतात, आणि त्यामागे निश्चित कारण आहे. परतीचा पाऊस सरल्यावर आकाश निवळते, रात्री लांबत जातात, कृत्तिका, रोहिणी आणि मृग संध्याकाळनंतर वर येऊ लागतात, डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव येतो, आणि लातूर-धाराशिवला लागून असलेल्या भागात ज्या दिवशी शेताशेतांत येळवस साजरी होते ती मार्गशीर्षातली अमावास्या तर निरीक्षकाच्या दृष्टीने वर्षातल्या सर्वांत मोलाच्या रात्रींपैकी एक असते. परंतु ज्या निरभ्रतेमुळे तारे दिसतात त्याच निरभ्रतेमुळे जमिनीवरील प्रत्येक वस्तूची उष्णता विनाअडथळा अवकाशाकडे निघून जाते, वस्तू थंड होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. याच दवाची काळ्या रानातल्या हरभऱ्याला आणि शाळूला थोडीफार साथ मिळते, आणि पहाटे हरभऱ्यावर फडके पसरून आंब गोळा करण्याची जुनी रीतही याच दवावर चालते. दुर्बिणीच्या काचेवर मात्र तेच दव निरीक्षणाचा शेवट करते, कारण पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात, आधी अंधूक तेजोमेघ नाहीसे होतात, मग ताऱ्यांभोवती वलये दिसू लागतात आणि अखेरीस चंद्रसुद्धा दुधाळ डागासारखा उरतो.

हे दव कसे रोखावे याविषयी हौशी निरीक्षकांत दोन विचार आढळतात, आणि त्यांतला वाद समजून घेण्यासाठी बीड जिल्ह्याइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. जिल्ह्याच्या दक्षिण आणि पश्चिम भागात बालाघाटाचे कोरडे, वाऱ्याचे, मुरमाड पठार आहे. उत्तरेला गेवराई आणि माजलगावच्या बाजूस गोदावरी-सिंदफणेचे सखल खोरे आहे, जिथे पैठणचा उजवा कालवा, माजलगावचा जलाशय आणि उसाचे फड यांमुळे हिवाळ्यातही जमिनीजवळची हवा ओलसर राहते. पुढील संवादातील शिक्षिका पाटोद्याकडील पठारावरच्या आणि तंत्रज्ञ माजलगावकडील खोऱ्यातला असे मानले आहे. ही कोणी विशिष्ट माणसे नसून दोन भूमिकांना दिलेली रूपे आहेत. शिक्षिकेकडे १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची साधी परावर्ती दुर्बीण आहे, म्हणजे जिच्या नळीच्या तळाशी असलेला अंतर्वक्र आरसा प्रकाश गोळा करतो अशी. तंत्रज्ञाकडे २०३ मिलिमीटर व्यासाची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण आहे, जिची नळी आखूड असते आणि तोंडाशीच एक पातळ काच बसवलेली असते.

शिक्षिका : दवाचा विचार पाण्यापासून सुरू केला की उपाय चुकतात, म्हणून तो उष्णतेपासून सुरू करावा. दव आकाशातून पडते असा समज विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात खोडून काढला, आणि त्याबद्दल त्याला रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदकही मिळाले. त्याचे साहित्य म्हणजे लोकरीचे पुंजके आणि एक तराजू. वारा नसलेल्या निरभ्र रात्री त्याने गवतावर भाजक्या मातीचे, दोन्ही बाजूंनी उघडे, अडीच फूट उंच आणि एक फूट व्यासाचे नळकांडे उभे केले आणि त्याच्या आत दहा ग्रेन लोकर ठेवली. तेवढीच लोकर बाहेर उघड्यावर ठेवली. पाऊस असता तर दोन्हींवर सारखाच पडला असता. प्रत्यक्षात उघड्या लोकरीने सोळा ग्रेन पाणी घेतले, आतल्या लोकरीने दोन ग्रेनांहून थोडेसेच अधिक. फरक एवढाच होता की आतल्या लोकरीला आकाश फारसे दिसत नव्हते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे की काचेला आकाशापासून लपवले की दव टळते. दुर्बिणीच्या तोंडावर काळ्या फोमचे नळकांडे, ज्याला हौशी मंडळी ड्यू शील्ड म्हणतात, ते बसवावे. त्याला ना वीज लागते ना देखभाल.

तंत्रज्ञ : वेल्सचा प्रयोग मान्य आहे, मॅडम, पण त्यातच तुमच्या पक्षाची मर्यादाही आहे. आतल्या लोकरीने दोन ग्रेन का होईना, पाणी घेतलेच. लोकरीवर दोन ग्रेन पाणी चालते, काचेवर त्याचा काही अंशही चालत नाही. नळकांडे म्हणजे गोधडी आहे, आणि गोधडी ऊब निर्माण करीत नाही, असलेली ऊब राखते. तिच्या आत जिवंत देह असावा लागतो. काचेला स्वतःची ऊब नसते. शिवाय ते नळकांडे स्वतःही उघड्या आकाशाखाली उभे असते, तेही थंड होते, आणि मग काचेला आकाशाऐवजी थंड भिंत दिसू लागते. त्यामुळे आच्छादनाने दव लांबते, टळत नाही. काचेभोवती तापणारी पट्टी बांधून तिला सतत थोडी उष्णता देणे हाच पक्का उपाय आहे.

या ठिकाणी दोन संज्ञा नीट समजून घेतल्याशिवाय वाद पुढे नेणे योग्य होणार नाही. हवेत असलेली वाफ आणि त्या तापमानाला हवेत मावू शकणारी जास्तीत जास्त वाफ यांच्या गुणोत्तराला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. आणि हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली असता तीच वाफ हवेला काठोकाठ पुरते, म्हणजे आर्द्रता शंभर टक्के होते, त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. संध्याकाळी हवा २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १२ अंशांवर येतो, म्हणजे हवा आणि दवबिंदू यांत ८ अंशांचे अंतर असते. पहाटे तीच हवा १४ अंशांपर्यंत उतरली तर वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता ८८ टक्क्यांच्या आसपास जाते आणि अंतर अवघे २ अंश उरते. ओलित खोऱ्यात संध्याकाळी त्याच २० अंशांना आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू १५.४ अंशांवर असतो, आणि हवा पहाटेपूर्वीच तिथवर उतरते. दव केव्हा येणार हे हवेच्या तापमानावरून सांगता येत नाही, नुसत्या आर्द्रतेवरूनही नाही. काचेचे तापमान दवबिंदूच्या वर आहे की खाली एवढाच प्रश्न असतो.

काच हवेपेक्षा थंड का होते, याचे उत्तर प्रारणात, म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार बाहेर टाकीत असलेल्या अदृश्य अवरक्त किरणांत आहे. १४ अंशांवरची वस्तू दर चौरस मीटरमागे सुमारे ३८० वॉट या दराने उष्णता सोडू शकते, आणि काच दृश्य प्रकाशाला पारदर्शक असली तरी अवरक्ताच्या बाबतीत जवळजवळ काळ्या वस्तूसारखी वागते. ढगाळ आकाश ही उष्णता बरीचशी परत करते. निरभ्र आकाश मात्र कमी परत करते, कारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात वातावरण बरेचसे उघडे असते. तूट साधारणपणे ८० वॉट धरली तर वारा पडलेल्या रात्री उघडी काच हवेपेक्षा ५ ते ८ अंशांनी खाली जाऊ शकते, आणि तिचा घसरता प्रवास थांबतो तो आजूबाजूची हवा स्पर्शाने तिला उष्णता परत देऊ लागते म्हणून. उन्हाळ्यात बीडमध्ये दवाचा प्रश्न का उद्भवत नाही याचेही उत्तर इथेच मिळते : एप्रिलमधल्या कोरड्या हवेत दवबिंदू इतका खाली असतो की काच कितीही घसरली तरी तिथवर पोहोचत नाही.

शिक्षिका : हाच हिशेब पुढे नेला तर आच्छादन नुसती गोधडी ठरत नाही. काचेच्या व्यासाच्या दीडपट लांबीचे नळकांडे लावले तर काचेच्या मध्यबिंदूपासून आकाशाकडे होणारी देवघेव सुमारे एक दशांश उरते, दुप्पट लांबीचे लावले तर सहा टक्क्यांच्या खाली जाते. हे भूमितीचे उत्तर आहे, त्यात अंदाज नाही. तूटच एक दशांश झाली तर हवेतून मिळणारी उष्णता ती भरून काढायला पुरते. काच जिवंत देह नसेल, पण ती हवेत बुडालेली आहे, आणि हवा तिला उष्णता देतच असते. भिंत थंड होते हा आक्षेप पत्र्याच्या नळकांड्याला लागू पडतो, फोमच्या नळकांड्याला तितका नाही, कारण फोमची बाहेरची बाजू गारठली तरी ती थंडी आत सहज झिरपत नाही. बाहेरून चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद लावला तर बाहेरची बाजूही कमी गारठते, कारण चकचकीत धातू अवरक्त किरण फार थोडे सोडतो.

तंत्रज्ञ : मग काच हवेपेक्षा किती खाली राहील?

शिक्षिका : नीट बांधलेल्या आच्छादनात एक-दोन अंश.

तंत्रज्ञ : तर मग माजलगावच्या बाजूला रात्री अकरानंतर ती ओली होणार, कारण तिथे हवा आणि दवबिंदू यांतले अंतरच एक अंशाच्या आत येते. शेतीपंपांना वीज अनेकदा रात्रपाळीत मिळते, शेतकरी गव्हाला आणि हरभऱ्याला रात्रीच पाणी सोडतो, आणि ओल्या सऱ्यांवरून येणारी हवा दुर्बिणीपर्यंत पोहोचते. तुमच्या पठारावर संध्याकाळी आठ अंशांचे भांडवल असते. खोऱ्यात पाच अंशही नसते. भांडवल कमी असलेल्या माणसाला नुसते जपून खर्च करा असे सांगून भागत नाही, त्याला मिळकत लागते.

खोऱ्याच्या पक्षाचा हा मुद्दा खरा आहे, आणि पठारावरच्या निरीक्षकांनी खोऱ्यातल्यांना दिलेले सल्ले पुष्कळदा इथेच फसतात. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि सखल जागी साचते, त्यामुळे खोऱ्याचा तळ गारठतो आणि त्याच वेळी त्याच्या कडेचा उतार किंवा माथा काही अंशांनी उबदार राहतो. बालाघाटाच्या पठारावर जो वारा पवनचक्क्या फिरवतो तोच काचेला हवेच्या तापमानाच्या जवळ ठेवतो, कारण हलती हवा स्थिर हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता पोहोचवते. म्हणून दुर्बीण उभी करायची जागा हाच दवाविरुद्धचा पहिला निर्णय ठरतो : नदीकाठ, धरणाची भिंत आणि भिजलेले रान टाळून, गावाशेजारच्या मुरमाड टेकाडावर, गवत नसलेल्या कोरड्या जागी गेले तर काही मीटरच्या चढानेही मध्यरात्रीनंतरचा एखादा तास वाचतो. मात्र प्रत्येक शाळेजवळ टेकाड नसते, आणि ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे ती हिवाळाभर गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात त्यांना आकाश दाखवायचे तर दुर्बीण वसतिगृहाच्या अंगणातच मांडावी लागते. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य गृहीत धरणारा उपाय अपुरा असतो.

शिक्षिका : उष्णता देण्याला मूळ आक्षेप निराळाच आहे. दुर्बिणीतली प्रतिमा स्थिर दिसण्यासाठी काच, नळी आणि हवा यांचे तापमान सारखे असावे लागते. म्हणून तर निरीक्षणापूर्वी तासभर दुर्बीण बाहेर काढून ठेवतात. तापलेल्या काचेवरून हवा वर चढू लागली की तिच्या लहरींतून पाहिलेला तारा थरथरतो, गुरूवरचे पट्टे पुसले जातात. दव टाळण्यासाठी प्रतिमाच बिघडवायची असेल तर त्यात काय साधले? आणि खेड्यातल्या अंगणात रात्रभर पुरेल एवढी वीज कोठून आणायची?

तंत्रज्ञ : काच तापवायची असते हाच गैरसमज आहे. आकाशाने जेवढी उष्णता नेली तेवढीच परत द्यायची असते, म्हणजे काच हवेच्या खाली न घसरता हवेच्या बरोबरीने राहते. हिशेब करून पाहावा. २०३ मिलिमीटर व्यासाच्या काचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३२ चौरस मीटर. चौरस मीटरमागे ८० वॉट तूट धरली तर काच उघडी असतानाही अडीच वॉटांच्या आसपास उष्णता जाते. पट्टी काचेच्या कडेला बाहेरून बांधलेली असल्याने बरीच उष्णता नळीत आणि हवेत जाते, म्हणून आठ-नऊ वॉटांची पट्टी घेतात. ३३० ओहमचे, अर्धा वॉट क्षमतेचे वीस रोधक समांतर जोडून १२ व्होल्ट दिले तर प्रत्येक रोधक ०.४४ वॉट देतो आणि मिळून पावणेनऊ वॉट होतात. विजेच्या कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या सामानातून ही पट्टी शिवता येते. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी तिला साडेचार तास तरी चालवते, आणि तीही अर्धीच वापरून, म्हणजे बॅटरीचे आयुष्य न घटवता. पट्टीचा प्रवाह सेकंदात अनेकदा चालू-बंद करून हवा तेवढाच भाग सोडणारा छोटा नियंत्रक लावला की बॅटरी आणखी टिकते आणि काच तापतही नाही. ती तापली आहे का हे ताऱ्यावरूनच कळते : एखादा ठळक तारा मुद्दाम अस्पष्ट करून पाहिला आणि त्या चकतीत लहरी वाहताना दिसल्या की उष्णता कमी करायची.

दोन्ही पक्ष एकाच राशीविषयी बोलत आहेत, ही गोष्ट वादाच्या भरात निसटू नये. काचेची उष्णता आकाशाकडे जाते हे दोघांना मान्य आहे. एक गळती कमी करा म्हणतो, दुसरा भरणा वाढवा म्हणतो. हिशेब असा, की नळकांडे लावल्यावर अडीच वॉटांची गळती पाव वॉटाच्या आसपास येते, त्यामुळे जी पट्टी उघड्या काचेवर पूर्ण शक्तीने चालवावी लागत होती ती आच्छादनाच्या आत अगदी अल्प शक्तीवर पुरते, प्रतिमा बिघडण्याचा धोका जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याच बॅटरीवर पहाट गाठता येते. उलट आच्छादनाशिवाय नुसती पट्टी लावणारा निरीक्षक आकाशाला उष्णता पुरवीत राहतो. म्हणून आच्छादन आणि उष्णता यांचा क्रम उलटता येत नाही : आधी आच्छादन, मग उरलेल्या तुटीपुरती उष्णता. या बाबतीत पठाराच्या पक्षाचे पारडे स्पष्टपणे जड आहे, जरी त्या पक्षाचा शेवटचा निष्कर्ष, म्हणजे उष्णतेची गरजच नाही हा, खोऱ्यात टिकत नाही.

उष्णता द्यायचीच असेल तर ती वेळेवर द्यावी लागते, आणि इथे तंत्रज्ञाच्या पक्षाची एक सूचना प्रत्येकाने मनावर घ्यावी अशी आहे. काचेवर अर्ध्या दशांश मिलिमीटरचा, म्हणजे ०.०५ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर बसला तर २०३ मिलिमीटरच्या काचेवर ते पाणी १.६ ग्रॅम भरते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २४५० जूल लागत असल्याने ते उडवायला जवळजवळ चार हजार जूल खर्चावे लागतात. चार वॉट थेट काचेला मिळाले तरी त्यात सोळा-सतरा मिनिटे जातात, आणि पट्टीची उष्णता कडेकडून मध्याकडे सरकायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही. पट्टी सूर्यास्तानंतर दुर्बीण मांडतानाच चालू करणे आणि दव दिसल्यावर चालू करणे यांतला फरक इतका मोठा आहे.

शिक्षिका : या हिशेबातून आणखी एक प्रश्न उभा राहतो. शाळेने मुळात कोणती दुर्बीण घ्यावी? १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा बंद नळीच्या तळाशी असतो, म्हणजे नळी स्वतःच वेल्सच्या नळकांड्याहून उंच आच्छादन होते आणि आरशाला आकाशाचा एक टक्काही वाटा दिसत नाही. असा आरसा रात्रभर कोरडा राहतो. तोंडाशी काच असलेली दुर्बीण घेऊन मग तिला पट्ट्या बांधत बसण्यापेक्षा ज्या दुर्बिणीची रचनाच दवाला विरोध करते ती का घेऊ नये?

तंत्रज्ञ : आरसा कोरडा राहतो, पण नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरपा आरसा ओला होतो, शोधक दुर्बीण तर सर्वांआधी ओली होते, आणि नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, तिचे काय? वीस मुले रांगेने डोळा लावतात तेव्हा प्रत्येकाचा श्वास त्या गार काचेवर पडतो. नळीऐवजी नुसते दांडे असलेली परावर्ती दुर्बीण असेल तर मुख्य आरसाही सुटत नाही.

दांड्यांच्या दुर्बिणीला काळ्या कापडाची झूल घालावी लागते; तिरप्या आरशाच्या पाठीला अर्ध्या वॉटाचा एकच रोधक चिकटवला की त्याचा प्रश्न मिटतो; शोधक दुर्बिणीला जाड कागदाची लांब टोपी पुरते; आणि नेत्रिका वापरात नसताना सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या तर शरीराच्या उबेने त्या दवबिंदूच्या वर राहतात. तळातल्या आरशामागे संगणकातला छोटा पंखा बसवला तर तो आरशाला हवेच्या तापमानाशी लवकर जुळवून घेतो, मात्र हवा स्वतःच वाफेने भरलेली असेल तेव्हा पंख्याचा दवाविरुद्ध उपयोग होत नाही. एकूण पाहता बंद नळीची परावर्ती दुर्बीण बीडसारख्या जिल्ह्यातल्या शाळांसाठी अधिक योग्य आहे, आणि महाराष्ट्रात तिला परंपराही आहे : पुण्याच्या आयुका संस्थेने हौशी निरीक्षकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या त्या अशाच साध्या परावर्ती दुर्बिणींच्या होत्या. बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते त्या संस्थानाची १९०१ साली स्थापन झालेली निजामिया वेधशाळा १५ इंची अपवर्तक दुर्बीण वापरीत असे. अपवर्तक दुर्बिणीचे भिंग नळीच्या तोंडाशी असते, म्हणूनच अशा दुर्बिणींना भिंगापुढे नळकांड्याची टोपी लावण्याची पद्धत फार जुनी आहे. मोठ्या वेधशाळांत घुमटच हे काम करतो. जुन्नरच्या बाजूला गिरवली येथे २००६ साली सुरू झालेली आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण घुमटाच्या फटीतून आकाश पाहते, आणि हवा फार ओली झाली की वेधशाळेत निरीक्षण थांबवून घुमट बंद केला जातो. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी ओल्या हवेपुढे मान्य केलेली ही मर्यादा हौशी निरीक्षकालाही मान्य करावी लागते. दाट धुई उतरली की पट्टीचे बटण वाढवत बसण्यात अर्थ नसतो.

तुहिनाचा, म्हणजे वर्तमानपत्रे ज्याला हिमकण म्हणतात त्याचा, प्रश्न बीडमध्ये क्वचितच येतो, तरी त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दरवर्षी हिवाळ्यात पानांवर आणि वाहनांच्या टपांवर हिमकण दिसल्याच्या बातम्या येतात तेव्हा हवेचे तापमान शून्याच्या बरेच वर असते. टप आकाशाला तोंड करून असल्यामुळे तो हवेखाली घसरत शून्य गाठतो. बीडच्या पठारावर एखाद्या पहाटे हवा ५-६ अंशांवर उतरली तर उघड्या काचेची हीच गत होऊ शकते. तुहिन दवापेक्षा चिवट असते, कारण ते आधी वितळवावे आणि मग उडवावे लागते, आणि ते खरवडण्याचा मोह सर्वांत घातक असतो. लडाखमध्ये हानले येथे ४५०० मीटर उंचीवर हिमालयन चंद्र दुर्बीण कडाक्याच्या थंडीत काम करते. तिथे थंडी असली तरी हवा इतकी कोरडी असते की वाफेचा साठाच तुटपुंजा असतो, आणि निरीक्षकाचा खरा शत्रू थंडी नसून थंडी आणि वाफ यांची युती आहे हे तिथे स्पष्ट दिसते.

काच ओली झाल्यानंतर काय करावे याविषयी मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नाही.

तंत्रज्ञ : पुसायची नाही. हवेतली धूळ त्या पाण्यात असते, आणि फडक्याखाली ती वाळूच्या कागदासारखी फिरते. काचेवरचे अत्यंत पातळ लेप एकदा घासले गेले की परत येत नाहीत.

शिक्षिका : आणि ओली काच झाकण लावून पेटीत बंद करायची नाही. मंद गरम हवेच्या झोताने किंवा सकाळच्या सावलीत उघडी ठेवून ती पुरती कोरडी करायची, मगच झाकायची. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, त्या रंग बदलून ओल शोषून घेतल्याची खूण दाखवू लागल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा ठेवायच्या. पावसाळ्यात बंद पेटीत बुरशी लागलेली काच एका ओल्या रात्रीपेक्षा जास्त नुकसान करते.

तरीही एक मतभेद उरतो, आणि तो उरणे स्वाभाविक आहे. तंत्रज्ञाच्या मते खोऱ्यातल्या प्रत्येक दुर्बिणीला पट्टी असलीच पाहिजे. शिक्षिकेच्या मते पट्टी घेण्यापूर्वी जागा, नळी आणि आच्छादन यांचे उपाय संपलेले असले पाहिजेत. या दोघांत निर्णय देण्यासाठी कोणत्याही ग्रंथातले कोष्टक पुरे पडत नाही, कारण गेवराईतल्या कालव्याकाठचे अंगण आणि पाटोद्यातले मुरमाड टेकाड यांचे दवबिंदू वेगवेगळे असतात, आणि एकाच अंगणात कार्तिकातली रात्र आणि माघातली रात्र सारखी नसते. हा निर्णय मोजमापानेच होऊ शकतो, आणि त्याचे साधन साधे आहे : ओल्या आणि कोरड्या फुग्याचा तापमापक, ज्याच्या दोन वाचनांतील फरकावरून आर्द्रता आणि दवबिंदू काढता येतात आणि ज्याची ओळख शाळेच्या भूगोलात होते. जिल्ह्यातल्या ज्या शाळांकडे दुर्बीण आहे किंवा येणार आहे त्यांनी ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर निरभ्र रात्री आठ, दहा आणि बारा वाजता ही दोन वाचने, वारा आहे की नाही, शेजारच्या रानात पाणी चालू आहे की नाही, आणि उघड्या ठेवलेल्या काचेच्या एका तुकड्यावर दव कधी दिसले, एवढे वहीत नोंदवावे. एका हिवाळ्याची अशी वही हाती आल्यावर पट्टीवर पैसे घालायचे की फोमच्या नळकांड्यावर भागवायचे, हे त्या शाळेला दुकानदाराला विचारावे लागणार नाही.